चौथ्या गड्याची नोकरी

नोकरीच्या पत्रावर माझं पद 'ग्राहक सहायक' असं छापलेलं होतं, पण ऑफिसात मला सगळे 'चौथा गडी' म्हणत. बाईमाणसाला गडी म्हणताना पहिले आठ दिवस ते अडखळले, मग सरावले, आणि मीही सरावले. काम एवढंच, की दुपारी बारा ते सहा संगणकासमोर बसायचं आणि मेंढीकोट खेळायचं. माझे वडील गिरणीत होते. "पत्त्याले हात लावला तं जेवाले मिळणार नाही" हा त्यांचा घरातला कायदा होता. ते असते तर पगार घेऊन पत्ते खेळणाऱ्या मुलीने त्यांना काय सांगितलं असतं, हे मला अजून सुचलेलं नाही.

त्याआधी मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडायचे, "बोला, लागला आहे" म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही असा नियम होता. थोडं ऐकू यायचंच. पुढे ट्रंक कॉल गेले, बोर्ड गेला, आम्हाला निरनिराळ्या टेबलांवर बसवून पाहिलं, आणि शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे आला. मी सही केली. लग्न केलं नव्हतं. त्याची कारणं होती, ती इथे नकोत. मानेवाड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट होता. सकाळी दूधवाला आणि संध्याकाळी भिंतीपलीकडचा टीव्ही, एवढीच माणसांची चाहूल. मला फार एकटं वाटत असे. साठी उलटल्यावर हे लिहायला लाज कशाला?

अशात उमेश आला. एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणीचा हा मुलगा, मला मावशी म्हणतो. तो कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढला. तिथे पाळ्यांचं काम, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी तिघं सुटलेले असायचे आणि ते क्वार्टरांच्या दारांवर विचारत फिरायचे, "चौथा आहे का गा?" मेंढीकोटाला चौघं लागतात. समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, आणि पत्त्यांतल्या चार दश्श्या, म्हणजेच मेंढ्या, ज्या जोडीने जास्त पकडल्या तिने डाव जिंकला. खेळ इतका सोपा, तरी तीन माणसांत तो होत नाही. उमेशच्या डोक्यात लहानपणापासून ते 'चौथा आहे का' बसलं होतं. त्याने दोन मित्रांना घेऊन मोबाइलवर खेळायचा मेंढीकोट काढला. पैशाची पैज नाही, नुसता खेळ. त्रिमूर्तीनगरात एका पिठाच्या गिरणीवर ऑफिस थाटलं. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या.

लोक मला हमखास विचारतात, की त्यात कॉम्प्युटरच खेळायला का नाही बसवला? इतर खेळांत असतो की. मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं.

उमेशने सांगितलं ते असं. खेळ बनवणं हे एक काम आणि खेळणारा बनवणं हे दुसरं. पत्ते वाटायचे, दश्श्या मोजायच्या, हे यंत्राला चार महिन्यांत शिकवता येतं. पण समोरच्या भिडूने चौकटची सत्ती का टाकली असेल, हे ओळखणारं यंत्र करायचं तर वर्षं जातात, आणि छोट्या कंपनीत तेवढी माणसं नसतात. त्यात घरोघरी नियम वेगळे. कोणी हुकूम झाकून ठेवतं, कोणी रंगाचं पान नसलं की हुकूम बोलतं. दुसरी गोष्ट विश्वासाची. चौघांचीही पानं कंपनीच्या संगणकाला ठाऊक असतात. एकदा का त्याच संगणकाला खेळायला बसवलं, की हरणारा प्रत्येक माणूस म्हणणार, यानं माझी पानं पाहिली. पाहिली नाहीत हे सिद्ध कसं करणार?

तिसरं कारण उमेश जरा हळू आवाजात सांगायचा. "मावशी, यंत्र कधी नाही म्हणत नाही. ते केव्हाही तयार. मग माणूस माणसाची वाट पाहणं सोडतो. अन् एकदा ते सोडलं की टेबलावर कोणीच उरत नाही."

लहानपणी पळापळीच्या खेळात एखादं शेंबडं पोर कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. ते धावायचं, ओरडायचं, पण बाद व्हायचं नाही आणि त्याच्यावर राज्य यायचं नाही. कॉम्प्युटरचा खेळाडू हा मला तसा वाटतो. तो हरला तर त्याला काही होत नाही, जिंकला तरी नाही. फरक इतकाच, की कच्च्या लिंबाला खेळात घेतलं याचा आनंद तरी व्हायचा.

पण यंत्र नको म्हटलं की वाट पाहणं आलं. तिघं बसलेत, चौथी खुर्ची रिकामी आहे, पडद्यावर 'थांबा' असं लिहिलंय. माणूस अशा वेळी फार थांबत नाही, हे मी रोज पाहिलंय. कोणी उठलं की दुसराही उठतो, मग तिसरा एकटा. त्या रिकाम्या खुर्चीसाठी उमेशने मला ठेवलं. माझ्या खुर्चीवर 'सुनंदा (ऑफिस)' असं स्पष्ट लिहिलेलं असायचं, लपवाछपवी नव्हती. डाव चालू असताना बोलायची बंदी, नाहीतर भिडू एकमेकांना खुणा करतील. दोन डावांच्या मध्ये मात्र दोन ओळी लिहिता येत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. काटोलच्या एक बाई डाव रंगात आला की लिहायच्या, "थांबा, तिसरी शिट्टी झाली", आणि कुकर उतरवून येईपर्यंत तिघंही निमूट बसायचे. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे एक अडते होते. त्यांच्या चबुतऱ्यावर लिलाव पुकारला की ते हातातली पानं टाकून पळत, आणि अर्ध्या तासाने येऊन विचारत, "जिंकलो का?" नव्या माणसाला आधी संशय यायचा, की ही ऑफिसवाली बाई म्हणजे मशीनच असणार. मग परीक्षा. एकाने विचारलं, "सांबार म्हणजे काय?" मी लिहिलं, "कोथिंबीर. काहून?" पलीकडून उत्तर आलं, "पटलं. बसा." नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, इडलीबरोबरचं ते वेगळं. मी यंत्र आहे अशी कोणी कधी तक्रार केली नाही, याचा मला अभिमान होता. या अभिमानाचं पुढे काय झालं तेच सांगायला बसले आहे.

रामटेकचे भाऊराव हटवार रोज दुपारी एकला यायचे. कालव्याच्या दारांवर नोकरी करून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे. बायको वारलेली. पुतण्याचं घर शेजारीच होतं, पण ती मंडळी धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, किंवा कामावर. ते माझ्या समोरचीच खुर्ची धरायचे. बाकीचे दोघं बदलत राहायचे, भिडू आम्ही दोघं कायम. खेळ चांगला, शांत. फक्त रोजचा पहिला डाव ते भयंकर खेळत. हातात एक्का असताना दुरी टाकत आणि दश्शी समोरच्याच्या पानावर नेऊन घालत. चार-पाच दिवस मी चिडले, मग विचारलं.

त्यांनी लिहिलं, "पहिला डाव भुताचा, ताई."

हे आपण सगळेच म्हणतो, पहिला डाव हरलो की. आमच्या घरी मात्र ते म्हणायचीही चोरी होती. वडील म्हणत, भूत नसते अन् देवही नसते, आपण बुद्धाचे लोक, डाव हरला तं हरला म्हणा. मी भाऊरावांना तेच गमतीने लिहिलं. तेव्हा त्यांनी दोन डावांच्या मधल्या फटींत, तीन-चार दिवस लावून, सगळं सांगितलं. त्यांची बायको त्यांची भिडू असायची. तिला खेळायची भारी घाई, पहिला डाव ती रोज घालवायची आणि वर ऐटीत म्हणायची, पहिला डाव भुताचा. ती गेल्यावर भाऊरावांनी पहिला डाव तिच्या नावाने सोडायला सुरुवात केली. "इचं इले दिलं का मंग आपलं मोकळं," असं त्यांनी लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मीही पहिला डाव घालवू लागले. ठरवून हरणं सोपं नसतं. समोरच्यांना कळू न देता दोन भिडूंनी मिळून हरायचं तर जिंकण्याइतकंच डोकं लागतं. डाव गेला की भाऊराव फक्त एक टिंब टाकायचे. मीही टिंब टाकायची. मग खरा खेळ. वडिलांची मनात क्षमा मागितली. माझ्या दिवसातली ती सगळ्यात चांगली वेळ होती.

सहाव्या वर्षी माणसं कमी झाली. झगमगते खेळ निघाले होते, त्यांत बोट लावताच चौघं हजर. त्यातलं माणूस कोण आणि यंत्र कोण हे कोणी विचारत नव्हतं. आमच्या टेबलांवर 'थांबा' ही पाटी तासन्‌तास दिसू लागली. उमेशच्या भागीदारांनी धरलं, की यंत्र बसवा नाहीतर खेळ बंद करा. आता यंत्र बनवणंही सोपं झालं होतं. माणसाचे हजारो डाव त्याच्यापुढे टाकायचे, ते त्यातून शिकतं. हजारो डाव एकाच माणसाचे होते, माझे.

उमेश मान खाली घालून म्हणाला, "मावशी, खुर्चीवर नाव तुमचंच राहीन. लोकाईले सवय आहे. तुम्ही पत्रं पाहा आता." पत्रं म्हणजे तक्रारी. पंधरा दिवसांनी तो हसत माझ्या टेबलाशी आला. "तुमचे रोजचे एक वाजताचे पहिले डाव एवढे खराब काहून? डुलकी लागे का? मी ते सारे काढून टाकले. नाहीतर यंत्र तेच शिकलं असतं."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी नुसती हसले. कसं सांगायचं, की एका अनोळखी म्हाताऱ्याच्या बायकोसाठी मी वर्षानुवर्षं ऑफिसच्या वेळात हरत आले? पोरकट वाटलं असतं. शिवाय खुर्चीवर यंत्र बसणार हे बाहेर बोलायचं नाही, असं आम्हा सगळ्यांना बजावलं होतं.

यंत्राच्या खुर्चीला कोणी काही लिहिलं, की ते तक्रारींच्या ढिगात येऊन पडे. यंत्र बसलं त्या पहिल्याच दिवशी भाऊरावांची ओळ आली. "ताई, आज तुमी पहिला डाव जिंकला. ध्यानात नाही राहिलं का?"

ढिगातल्या पत्रांना उत्तर द्यायला दोन तयार वाक्यं होती. बटण दाबलं की जायची. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आपला खेळ आनंदात जावो.' मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी, "काल बोललो तं राग आला का?" बटण. तिसऱ्या दिवशी, "तब्येत बरी नाही का? ताप असन तं अंगावर काढू नका." बटण. मग, "एकट्या राहता तुमी. शेजारी कोणाले सांगून ठेवा." असे अकरा दिवस. या माणसाच्या मनात एकदाही आलं नाही की समोर यंत्र आहे. आपला भिडू आजारी आहे, एवढंच त्याला दिसत होतं.

मी का लिहिलं नाही? नोकरीची भीती होती, पण ती अर्धीच. उरलेलं कारण लिहायला जड जातंय. माझी कोणीतरी चौकशी करत होतं. एवढ्या वर्षांत मला ताप आला का, हे कोणी विचारलं नव्हतं. एक वाजला की मी ढीग उघडून बसायची आणि त्यांची ओळ आली की मला बरं वाटायचं. उत्तर दिलं असतं तर चौकशी थांबली असती.

बाराव्या दिवशी फक्त "ठीक आहे" असं आलं. नंतर काहीच नाही.

महिन्याभराने उमेश सहज म्हणाला, "ते रामटेकचे काका आता पहिले दोन डाव हरतात, मावशी. रोज. वय झालं वाटते." मी घरी गेले, जेवण गेलं नाही. एक डाव बायकोचा, हे मला ठाऊक होतं. दुसरा कशासाठी, ते कळेना. आजारी असतील, दिसत नसेल. रविवारी मी रामटेकच्या बसमध्ये बसले. पत्ता त्यांनीच कधीतरी लिहिला होता. अंबाळा तलावाच्या वाटेवर, दारात बेलाचं झाड.

ते ओसरीत खाटेवर बसले होते, हातात मोबाइल. वाटलं होतं त्यापेक्षा अंगाने लहान. मी म्हटलं, "भाऊराव, मी सुनंदा. ऑफिसवाली."

त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. नीट, सावकाश. पाय सरळ आहेत की उलटे, ते पाहत होते. मग म्हणाले, "बसा."

पाणी आलं. मी प्यायले. ते म्हणाले, "मले वाटलं, तुमी गेल्या. पहिला डाव विसरणारी बाई नव्हती ते. अन् इतकं पुसलं तं तेच ते आभार येऊन राहिले. मंग समजलो."

"मग दुसरा डाव?"

"एक इचा. दुसरा तुमचा."

मी विचारलं, "मी गेले असं वाटलं, तर त्या खुर्चीशी खेळत काहून राहिले?"

"नाव तं तुमचंच होतं. खेळही तुमचाच वाटे, हूबहू. पितरपाटात नाही का आपण पान वाढत? कोणी येऊन जेवते थोडी. पण वाढतो."

मग मी सगळं सांगितलं. यंत्र, माझे डाव, काढून टाकलेले पहिले डाव, तक्रारींचा ढीग, बटण. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे मी लिवलेलं तुमी वाचत होत्या?"

"हो."

"सारं?"

"सारं."

त्यांनी मोबाइल खाटेवर पालथा ठेवला. "मंग एक अक्षर लिवाचं होतं वं बाई," ते म्हणाले. आवाज चढला नाही. वडिलांनी कधी मारलं नाही मला. मारलं असतं तर असंच काहीतरी वाटलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं.

परत आल्यावर मी उमेशला सांगितलं आणि राजीनामा दिला. त्याने तो ठेवून घेतला, पण माझं नाव खुर्चीवरून काढलं आणि तिथे 'यंत्र' असं सरळ लिहिलं. पुष्कळ लोक गेले, काही राहिले, खेळ कसाबसा चालू आहे असं ऐकते. काटोलच्या बाईंना आता शिट्टीसाठी कोणाला थांबवावं लागत नाही. मला तिथे जाववत नाही. सध्या पुन्हा दूधवाला आणि भिंतीपलीकडचा टीव्ही.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं. मी निघायला उठले तर भाऊराव म्हणाले, "बस साडेचारची आहे. बसा." त्यांनी पुतण्याला आणि त्याच्या बायकोला हाक मारली. फळीवरून पत्त्यांचा कॅट काढला, कोपरे झिजून गोल झालेला. मी त्यांच्या समोर मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत माझ्या भिडूचे हात मी पहिल्यांदा पाहत होते.

पहिला डाव आम्ही नीट, ठरवून घालवला. कोणी टिंब टाकलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या डावाची पानं वाटून झाली, तसे ते हातातली पानं मिटून माझ्याकडे पाहत राहिले. "हा तुमचा होता," ते म्हणाले. "आता काय कराचं याचं?"

"जिंकू," मी म्हटलं.

आम्ही जीव लावून खेळलो. पण माझी सवय मोडली होती, त्यांचं एका पानावर लक्ष चुकलं, आणि पुतण्याच्या बायकोने शेवटच्या हातात हुकमाची दश्शी उचलून नेली. हरलो.

भाऊरावांनी पत्ते गोळा केले, पिसायला घेतले आणि पत्त्यांकडे बघतच विचारलं, "मंग हा कोणाचा?"

मी म्हटलं, "हा आपला."